प्रतिकूल शेरा

"साक्षीदार म्हणून तुझं नाव घालतोय," ब्रिगेडियर सुखदेव रामटेके म्हणाले. "गुरुवारी तो आला तेव्हा घरात आपण दोघंच होतो."

चंपाताई मेथी निवडत होत्या. गुरुवारी धायरीच्या त्या फ्लॅटवर एकच माणूस आला होता, पाण्याच्या फिल्टरचा. त्यांनीच बोलावला होता. कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यामुळे पाण्याची चव बदलली की त्या आधी पाणी तपासायचा मीटर बुडवून आकडा बघत आणि मगच फोन करत.

"अहो, तो फिल्टरवाला होता."

"तसं सांगून आला होता."

ब्रिगेडियरांनी समोरची फाइल उघडली. निवृत्तीनंतर बारा वर्षं ते दिल्लीत सुरक्षा सल्लागार होते, आणि आता पुण्यात एका सरकारी समितीवर. नाजूक जागेवर नेमायच्या माणसाची कागदपत्रं त्यांच्याकडे येत. त्यांचा शेरा प्रतिकूल पडला की नेमणूक तिथेच संपे, आणि का संपली हे त्या माणसाला कधीही कळत नसे. या वेळी शुभंकर नावाचा एकोणतीस वर्षांचा अभियंता होता. तोच वेश बदलून घर बघायला आला, असं ब्रिगेडियरांचं म्हणणं होतं.

चंपाताईंना वेगळ्याच गोष्टीची भीती वाटली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस फाइलमधलं एक अक्षर घरात बोलला नव्हता. आज तो मेथीच्या जुडीशेजारी फाइल पसरून बसला होता.

"संशय यावा असं काय केलं त्यानं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. माझ्या टेबलाकडे एकदाही बघितलं नाही. चार कपाटं, भिंतीवर नकाशा, आणि माणूस मान वर करत नाही? न बघणं शिकवावं लागतं, चंपा."

अशाच तर्कावर त्यांची सगळी कारकीर्द उभी होती. ईशान्येत असताना एका मोरीवरून गाड्यांचा ताफा जाणार होता. रस्ता मोकळा असल्याचा निरोप नेहमीच्या, खात्रीच्या माणसाकडून आला होता. रामटेक्यांनी ताफा थांबवला, कारण एरवी तो माणूस निरोपाबरोबर तंबाखू मागत असे आणि त्या दिवशी त्यानं मागितली नाही. मोरीखाली स्फोटकं निघाली. एकेचाळीस जवान घरी परतले. त्यातले काही अजून दिवाळीला फोन करतात. त्यामुळे गेल्या महिन्यात डॉक्टरांनी, हल्ली हे लोकांवर विनाकारण संशय घेतात का, असं विचारलं तेव्हा चंपाताई म्हणाल्या होत्या, "सरकार त्यांना त्याचाच पगार देत होतं." डॉक्टर हसले. त्या हसल्या नव्हत्या.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. वाद घालणारी बायकोही फितवलेली असू शकते, हे ब्रिगेडियरांच्या डोळ्यांत दिसायला लागलं होतं. मग चंपाताईंनी प्रयोगशाळेत केलं असतं तेच केलं. नमुना परत मागवला. फिल्टरमधून गळती आहे असं खोटंच सांगून त्यांनी त्याच माणसाला पुन्हा बोलावलं.

फिल्टरवाला गेनबा दुपारी आला. लोणी काळभोरहून एवढं अंतर स्कूटरवर आल्यानं धुळीनं माखलेला होता. पिकलेल्या मिशा, सुटलेलं पोट, पन्नाशी कधीच उलटलेली. ब्रिगेडियरांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"गुरुवारी इथे कोण आलं होतं?"

"मीच आलतो की, साहेब. क्यांडल बदलली. बाईंनी च्या दिला."

"माझ्या टेबलाकडे का नाही बघितलंस?"

गेनबा चंपाताईंकडे बघायला लागला. मग म्हणाला, "लोकांच्या घरात हिकडंतिकडं बघू नये, साहेब. काय हरवलं तर पयलं नाव आमचंच येतंय."

ब्रिगेडियरांनी फाइलमधला फोटो काढला. त्यात चष्मा लावलेला, गुळगुळीत दाढी केलेला, सडपातळ मुलगा होता. त्यांनी फोटो बघितला, गेनबाला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. हे त्यांनी घाई न करता, नोकरीत शिकल्याप्रमाणे केलं. कपाळ, कान, हनुवटी. मग त्यांनी गेनबाला हात जोडले, हेलपाट्याचे पैसे द्यायला चंपाताईंना सांगितलं आणि गेनबा उठताच ते त्याच खुर्चीत बसले. ती खुर्ची अजून गरम असावी.

दार लागल्यावर ते म्हणाले, "मी त्या मुलाचा चेहरा बघितला होता, चंपा. गुरुवारी. इथेच. शपथेवर सांगितलं असतं."

"माहीत आहे मला."

"हे पहिल्यांदा नाही."

हा प्रश्न नव्हता. चंपाताई आत गेल्या आणि डाळीच्या डब्यामागची वही घेऊन आल्या. तीन महिन्यांच्या नोंदी होत्या. तारीख, वेळ, काय घडलं, ते काय म्हणाले. स्वतःचं मत कुठेही नव्हतं. वही त्यांनी ब्रिगेडियरांपुढे ठेवली; हे वाचल्यावर त्या घरातला शत्रू ठरणार की घरचं माणूस, ते आता कळणार होतं.

ब्रिगेडियरांनी सगळी वही वाचली. एका ठिकाणी थांबून विचारलं, "सातारा रस्त्याला मी खरंच वाट चुकलो होतो?"

"हो. दोन तास."

"मला नाही सांगितलंस."

"तुम्हीही सांगत नव्हता काही. चव्वेचाळीस वर्षं."

ते किंचित हसले. "निरीक्षण चांगलं आहे," म्हणाले, आणि फोन घेऊन उभे राहिले. समितीच्या सचिवांना त्यांनी आधी सांगितलं, की शुभंकरच्या फाइलवर माझा शेरा धरू नका, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. मग म्हणाले, की यापुढे माझ्याकडे काहीच पाठवू नका.

सचिवांनी कारण विचारलं असावं.

"माझ्याबद्दल प्रतिकूल शेरा आला आहे," ब्रिगेडियर म्हणाले. "लिहिणाऱ्यावर माझा विश्वास आहे."

फाइल न्यायला उद्या अकराला माणूस येईल, असं ठरलं. फोन ठेवून त्यांनी फाइलची नाडी बांधली, गाठ ओढून पाहिली. मग एकदम थबकले.

"येणाऱ्याचं नाव विचारायचं राहिलं."

चंपाताईंनी पुन्हा फोन लावला. नाव विचारलं, हुद्दा विचारला, दोन्ही मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिलं आणि तो कागद त्यांच्या हातात दिला.