पाच फेऱ्यांचा पट्टा

दुकानवालीने परत पाठवलेल्या दोन टोप्या सासूबाईंनी कपाटात, उशीच्या अभ्र्यांखाली सरकवून ठेवल्या होत्या. सून अभ्रे बदलायला गेली आणि त्या तिच्या हाताला लागल्या. वरच्या टोपीला चिठ्ठी टाचलेली होती: काकू, पट्टे जुळत नाहीत, जरा बघता का.

काम लहान मुलांच्या गायनवृंदाचं होतं. चौदा मुलं, चौदा टोप्या, आणि सगळ्या जुळ्या भावंडांसारख्या हव्या होत्या. लोकर होती आपोआप पट्टे पाडणारी. रंगवतानाच तिच्यावर ठरावीक लांबीला रंग बदललेला असतो. विणणारीने नुसतं गोल गोल विणत जायचं. मोरपंखी संपला की राखाडी येतो, मग गुलबक्षी, मग पिवळा, आणि पुन्हा मोरपंखी. बघणाऱ्याला वाटतं, सगळं लोकरच करते, विणणारीचं यात काय कौतुक. पण पट्टा किती रुंद पडेल ते हात ठरवतो. सासूबाईंच्या हाताला एका रंगात बरोबर पाच फेऱ्या बसायच्या. सात वर्षं बसत होत्या.

सासरे गेल्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी हे काम धरलं. टोप्या आहेत म्हणून मी कुणाच्या संसारात नाक खुपसत नाही, असं त्या चारचौघांत सांगत, आणि ते निम्मं तरी खरं होतं. दुकानाला टोप्या पुरवणारी आणखी एक बाई होती, ती यंत्रावर विणायची. सासूबाई तिला खडखडबाई म्हणत. काम सुटलं तर ते खडखडबाईच्या पदरात पडणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

सून पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने परत आलेल्या टोप्या टेबलावर ठेवल्या आणि फेऱ्या मोजल्या. पाच ऐवजी साडेचार. टोपीच्या पंचेचाळीस फेऱ्यांत नवाच्या जागी दहा पट्टे पडले होते, त्यामुळे शेंड्यापाशी मोरपंखी यायचा तिथे राखाडी आला होता. सासूबाईंचा लोकरीला दोष देऊन झाला होता. हल्लीचे रंगारी मेले झोपेत रंगवतात, वगैरे. सुनेने उरलेल्या गुंड्यातली लोकर ओढून एकेका रंगाची लांबी पट्टीने मोजली. लोकर चोख होती. म्हणजे हात सैल पडत होता. सैल टाका जास्त लोकर खातो, रंग लवकर संपतो आणि पट्टा बारीक होतो.

तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मग आता पुरे कर म्हणावं आईला, सात वर्षं केलंय तिने. सून म्हणाली, तू सांग. त्यावर त्याला अचानक कुठलासा फोन करायचा आठवला.

सासूबाईंच्या सुया फिरकीच्या होत्या. मधे पातळ वायर, दोन्ही बाजूंना फिरवून काढता येणारी टोकं. मापाचा आकडा टोकाच्या बुडाशी असायचा, इतका बारीक की त्यांना तो चष्मा लावूनही दिसत नसे. टाक्याचं माप उजव्या टोकावर ठरतं, म्हणून फक्त उजवं टोक बदललं तरी भागणार होतं. मंगळवारी सासूबाई आंघोळीला गेल्या तेव्हा सुनेने डब्यातलं एक माप बारीक टोक काढून बसवलं. दोन मिनिटांचं काम. टोपी तेव्हा निम्मी विणून झाली होती. एवढी टोपी पुरी होऊ द्यावी आणि मग बदलावं, हे तिला सुचायला हवं होतं. पण बदल लागू पडतो की नाही ते तिला लगेच बघायचं होतं.

गुरुवारी ती कामावरून आली तेव्हा ती टोपी जेवणाच्या टेबलावर सपाट पसरून ठेवलेली होती. शेजारी सासूबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"इथे बदललंस," त्या म्हणाल्या. बोट बरोबर बाविसाव्या फेरीवर होतं. तिच्या खाली बारीक पट्टे, वर रुंद. "मंगळवारी. मी आंघोळीला गेले होते."

सून खुर्ची ओढून बसली. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

"प्रयोगशाळेत पाणी तपासताना पाण्याला विचारतेस?"

"नाही."

"बरोबर आहे. पाण्याला काय विचारायचं. पण मी पाणी नाही, बाई."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, आई."

"ते माझं वाटून झालं होतं. अभ्र्यांखाली काय हौसेने ठेवल्या होत्या मी?"

सासूबाईंनी उजव्या अंगठ्याचं बूड चोळलं. चोळताना सुनेने त्यांना आधीही पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं. सकाळी सुई धरवत नाही, दुपारपर्यंत जरा बरं असतं, असं त्यांनी आता आपणहून सांगितलं, आणि वर ताकीद दिली की हे मुलाच्या कानावर जाता कामा नये. तो लगेच सुया माळ्यावर टाकेल. सुनेने कबूल केलं.

"या टोकाने पाच बसतात का?" सासूबाईंनी विचारलं.

"बसतात. वरचे सगळे पट्टे पाचाचे आहेत. मोजलेत मी."

"मोजल्याशिवाय तू राहणार थोडीच."

त्यांनी टोपी सुईवरून काढली आणि लोकरीचं टोक सुनेच्या हातात दिलं. दोघींनी मिळून ती सगळी उसवली. सासूबाई ओढत गेल्या, सून गुंडाळत गेली. मागाहून त्या दोन परत आलेल्याही उसवल्या. रोज दुपारी थोडं थोडं करत चौदा टोप्या पुऱ्या व्हायला पाच आठवडे लागले. शेवटच्या दोन टोप्यांत पट्टा पुन्हा पावणेपाचावर आला होता. सुनेने ते सांगितलं. या वेळी तिने सांगितलं. दुकानवालीच्या नजरेला एवढं दिसणार नाही, असं दोघींचं मत पडलं.

सासूबाईंनी तिला दुकानात सोबत नेलं. दुकानवालीने टोप्या काउंटरवर एका रांगेत लावल्या, पट्ट्यांवरून बोट फिरवत गेली आणि समाधानाने मान हलवली. पुढच्या तीन हिवाळ्यांचं काम काकूंनाच देऊन टाकते, म्हणाली. गायनवृंदाच्या बाईंनी तसं विचारलंच होतं.

सासूबाई म्हणाल्या, "आधी ऐक. माझा हात सैल झालाय. बारीक सुईवर जमवलंय हे. याहून बारीक टोकं आहेत का तुझ्याकडे?"

दुकानवाली जरा गोंधळली. मग तिने खण उघडून आणखी दोन मापं काढली. त्याखाली या लोकरीला चालतील अशी मापं नव्हती. त्याहून बारीक सुईने वीण पुठ्ठ्यासारखी कडक होईल, म्हणाली.

सासूबाईंनी दोन्ही टोकं तळहातावर घेतली आणि सुनेकडे वळल्या. "हात असाच सैल होत गेला तर किती पुरतील?"

"चौदा टोप्यांवरून नक्की नाही सांगता येत."

"मग अंदाजे सांग."

सुनेने मनात एकदा पडताळून पाहिलं. आकडा गोड करून सांगता आला असता.

"दोन हिवाळे," ती म्हणाली. "कदाचित दीड."

सासूबाईंनी टोकं पिशवीत टाकली. दुकानवालीला त्या म्हणाल्या, तीन नको, एकच हिवाळा धर. पुढच्याचं पुढे मी येऊन सांगेन, हिला पाठवणार नाही. दुकानवालीने नव्या लोकरीची थैली पुढे केली. सून ती उचलायला वाकली, पण सासूबाईंनी ती डाव्या हाताने आधीच उचलली होती.