उपवर मुलीची झोप

"ऊठ गं म्हशे! अंगाला मांस चढतंय आणि ही लोळतेय खुशाल!"

ठाकूरद्वारच्या त्या बिऱ्हाडात दिवसाची सुरुवात या भूपाळीने होई. भूपाळी म्हणणाऱ्या दुर्गाआत्या, आणि जिच्यासाठी ती म्हटली जाई ती त्यांची सोळा वर्षांची भाची, बेबी. आत्या नुसत्या हाकांवर भागवत नसत. ओला पंचा पोरीच्या तोंडावर पिळत, आणि तेवढ्यानेही डोळे उघडले नाहीत तर दंडाला चिमटा काढत. बाहेर अजून कावळाही ओरडलेला नसे.

या घरात मुलगी लग्नाला आली की तिची झोप तोडायची रीत होती. झोपेने अंग सुटतं, सुटलेल्या अंगाची मुलगी खपत नाही, म्हणून लग्न ठरेपर्यंत तिला पुरतं झोपू द्यायचं नाही! आत्यांची झोप अशीच तोडली होती, आत्यांच्या आत्याचीही तोडली होती. भाजी खपते, बोंबील खपतात, तशी या सुशिक्षित घरात मुलगी खपायची. लिहितानासुद्धा किळस येते.

बेबीचा थोरला भाऊ मनमोहन कॉलेजात होता. तो मात्र उन्हं पायावर येईपर्यंत घोरत पडे, आणि याच दुर्गाआत्या त्याच्या खोलीचं दार हलक्या हाताने लोटून घेत. "वाढीचं वय आहे, झोपू दे त्याला," म्हणत. बेबीचं वय काय घटीचं होतं?

ती काळोखात दुधाच्या रांगेत उभी राही, नळाचं पाणी भरी, मग शाळा. घरी परतल्यावर पाठ टेकायची सोय नाही. भिंतीपासून हातभर लांब बसून वाती वळायच्या. डुलकी लागली की मानेवर गार पाणी! वर्गात बाईंनी प्रश्न विचारला तर हिला आपला नंबरसुद्धा आठवत नसे. पोरी हसत. पहिल्या पाचात येणारी मुलगी सहामाहीत गणितात नापास झाली, तर घरात कुणी हूं की चूं केलं नाही. गणित थोडंच दाखवायचं होतं?

बरं, एवढं करून मुलगी बारीक तरी झाली का? नाव नको! उलट फुगत चालली. जागं राहायचं तर तोंडात काहीतरी हवं, म्हणून ती गुळाचा खडा चघळे, शिळी पोळी खाई, लाडवाच्या डब्यात हात घाली. पोट भरलेलं असूनही भूक काही जाईना. पोलक्याच्या शिवणी दोनदा उसवून सैल केल्या. ते पाहून आत्यांनी निदान केलं, की झोप अजून पुरेशी तुटलेली नाही.

आई सुमती एके दिवशी धीर करून तिला डॉक्टर सुनेत्राबाईंच्या दवाखान्यात घेऊन गेली. बेबी तिथल्या बाकावर बसल्याबरोबर झोपली.

"ही झोपते किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सुमतीने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"अहो, कसाई बरे! ते एकदाच कापतात. वाढत्या अंगाला झोप मिळाली नाही तर ते भलतीकडून भरपाई मागतं. सारखं खा-खा होतं, आणि हातपाय उचलवत नाहीत. वजन चढणार नाही तर काय होईल? औषध काही नाही. हिला झोपू द्या, बस्स."

घरी हे ऐकून आत्या फिस्सकन हसल्या. "तिला स्वतःला नवरा मिळाला नाही, ती आपल्याला शहाणपण शिकवणार!"

सुमतीने नवऱ्याकडे पाहिलं. कमलाकांत नुकतेच सभेहून आले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देऊन देऊन त्यांचा घसा बसला होता. परप्रांतीयांच्या अन्यायावर हा गृहस्थ गॅलरीत उभा राहून तासन्‌तास बोले, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणी.

"दुर्गाताईला त्यातलं कळतं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "रविवारी दादरची मंडळी येतायत. तोवर काढा की कळ!"

कळ काढणारी आतल्या खोलीत वाती वळत होती. अशा माणसाच्या गळ्यात हार घालायला गिरगाव धावतं!

रविवारी दादरची मंडळी आली. मुलगा शशिकांत, बँकेतला. त्याचं पोट त्याच्याआधी दारातून आत आलं. खुर्ची कुरकुरली. त्याने पोह्यांची एक बशी संपवली, दुसरी संपवली, आणि तोंड न झाकता मोठी जांभई दिली.

"दुपारी आडवं झाल्याशिवाय आमच्या शशीला चैन पडत नाही," त्याची आई कौतुकाने म्हणाली. "आज तुमच्यासाठी झोपमोड केलीन हो त्यानं!"

सगळे हसले. कमलाकांतही हसले.

बेबीला आणून टेबलापाशी बसवलं. शशिकांतच्या आईने उठून तिचा दंड चाचपला, हनुवटी धरून मान इकडे-तिकडे वळवली. दात तेवढे मोजायचे राहिले.

"फोटोत एवढी वाटली नव्हती हो. बरं, माशाचं कालवण कसं करतेस, सांग बघू."

"आधी... वाटण..." बेबी म्हणाली. पुढचा शब्द आलाच नाही. मान हळूहळू खाली गेली, आणि पोरीचा गाल समोरच्या पोह्यांच्या बशीत टेकला. ती झोपली होती.

शशिकांत खो-खो हसत सुटला. त्याची आई म्हणाली, "इश्श! असली आळशी सून घेऊन आम्ही काय करू?"

दुर्गाआत्या संतापून पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. तो बेबीच्या डोक्यावर उलटा करणार, तोच सुमतीने त्यांचं मनगट धरलं. लग्न झाल्यापासून या बाईने नणंदेपुढे मान वर केली नव्हती.

"वन्सं, एक थेंब जरी पडला तर तुमच्या-माझ्यात काही उरणार नाही."

"सुमती!" कमलाकांत ओरडले. "पाहुणे बसलेत!"

"मग त्यांना उठायला सांगा. आणि हळू बोला. माझी मुलगी झोपलीय."

तिने पदराने बेबीच्या गालाला चिकटलेले पोहे पुसले. दोन्ही हातांनी तिला सावरून आत नेलं, मनमोहनच्या गादीवर निजवलं, आणि उंबऱ्यात ठाण मांडून बसली. पाहुणे बडबडत निघून गेले. जिन्यातल्या दारांआडून शेजारी ऐकत होते. याच शेजाऱ्यांनी रोज पहाटे तो आरडाओरडा ऐकला होता आणि पांघरुणं डोक्यावर ओढून घेतली होती.

दिवेलागण झाली, बेबी उठली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेची वेळ टळून गेली, तरी उठली नाही. दुर्गाआत्या दोनदा उंबऱ्यापर्यंत आल्या आणि सुमतीला पाहून मागे फिरल्या. शेवटी कमलाकांत आले. आवाज उतरलेला होता.

"आता हिच्या लग्नाचं काय करायचं?"

"ती उठली," सुमती म्हणाली, "की तिलाच विचारू."