चंपाषष्ठीला अठरा

दूध आणायला निघाले आणि फ्रीगंजच्या चौकात थबकलेच. फ्लेक्सवर आमचा रुचिर! केसांना जेल, डोळ्यांवर काळा गॉगल, वर हात जोडलेले आमच्या भागातले पुढारी माधव भैया आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘यूथ आयकॉन’. माझं डोकंच फिरलं. यूथ म्हणे! मिसरूड धड फुटलं नाही अजून मेल्याला.

रुचिर माझ्या भावाचा मुलगा. वहिनी गेली तेव्हापासून तो माझ्याकडे. भाऊ सुधाकर रतलामला बँकेत, रविवारचा येतो. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा घरात भिंतीवर तक्ता असणारच. इन्फंट, टॉडलर, किड, टीनएजर, यूथ, ॲडल्ट. लहानपणी रुचिर वरणभाताच्या घासागणिक एकेक शब्द म्हणायचा. शेवटी छाती फुगवून ‘ॲडल्ट!’ म्हटलं की मी हातावर लाडू ठेवायची. माझ्यासाठी मात्र तो किडच राहिला. आल्यागेल्यासमोर ‘हा आमचा किड’ म्हणायची आणि तो लाजून चिडायचा. “आत्या, प्लीज ना!”

फ्लेक्स बघून राग आला, पण भीतीही वाटली. मागच्या वर्षी त्याच खांबावर मागच्या गल्लीतला माणिक होता. नंतर देवास गेटला मारामारी झाली, कुणाचा तरी हात मोडला आणि माणिक पोलिसांना म्हणाला, मी मारलं. पेपरात ‘जुवेनाइल’ म्हणून छापून आलं. मुलांच्या सुधारगृहात काही महिने काढून पोरगा परत आला. तेव्हापासून मान खाली घालून जातो, हाक मारली तरी बघत नाही.

रुचिरला म्हटलं, त्या भैयाचा नाद सोड. तर म्हणतो, “ते मला अपना शेर म्हणतात. तू काय म्हणतेस?” मी कपाळावर हात मारून घेतला.

आमच्याकडे वाढदिवस तिथीचा. कुलदैवत खंडोबा आणि पोरगं नेमकं चंपाषष्ठीचं, मग दुसरा दिवस असेलच कसा? भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की त्याला ओवाळायचं. यंदा अधिक महिना पडला, चंपाषष्ठी चांगलीच लांबली. एका सकाळी रुचिर मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला. “आत्या, सगळे विश करताहेत. आज डेट आहे.”

“डेटबिट तुझ्या दोस्तांना. घरात चंपाषष्ठीलाच ओवाळीन.”

“निदान आज तरी किड म्हणू नकोस.”

मी हसले आणि पोळी उलटली.

त्याच आठवड्यात भैयांच्या धाकट्या भावाची वरात निघाली. बँडसमोर जल्लोषात गोळीबार झाला आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या पोटात गोळी लागली. कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, भैयांच्याच हातात होता म्हणे. सगळ्यांनी बघितलं आणि कुणीच बघितलं नाही. रुचिर घरी आला तो पांढराफटक. जेवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भैया स्वतः माझ्या दारात. वाकून पाया पडले. “बुआजी, चाय पिलाओ.” बाहेर गाडी चालूच होती. एवढा मोठा माणूस घरी आला म्हणून मीही विरघळले. चहाबरोबर शंकरपाळे काढले. देवा, शंकरपाळेसुद्धा दिले हो मी!

“अपना रुचिर अठारह का हो गया क्या, बुआजी?”

“अरे, कहाँ! चंपाषष्ठी को होगा. अभी तो किड है हमारा.”

भैयांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघून छान हसले. “बस, यही पूछना था.” मग रुचिरला खोलीतून हाक मारली आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. “ले जा रहा हूँ, घंटे भर में छोड़ दूँगा.” आमचं आधीचं बोलणं त्याने ऐकलं नव्हतं. निघताना मात्र किती खुशीत होता! दारातून मला हात केला.

दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. फोन बंद. फाटकाशी कुणीतरी उभं दिसलं म्हणून धावले, तर माणिक. वर बघत नव्हता.

“काकू, भैया येऊन गेले? वय विचारलं का?”

“हो. का रे?”

“माझ्या आईलाही विचारलं होतं. गुन्हा अंगावर घेणारा अठराच्या आतला असला तर लवकर सुटतो, म्हणून आधी घरी येऊन पक्कं करतात.”

तशीच रिक्षा केली आणि पोलीस थाणं गाठलं. रुचिर बाकावर बसला होता, अंगात नवीन कोरं जॅकेट. “आत्या, घाबरू नको. मी सांगितलं, गोळी मी चालवली. भैया म्हणाले, कुछ नहीं होगा.”

“का नाही होणार, ते सांगितलं का त्यांनी?”

“ते कशाला विचारू? भैयांनी म्हटलं म्हणजे झालं.”

मी इन्स्पेक्टरपुढे हात जोडले. “झूठ बोल रहा है, साहब. बच्चा है, अठारह का भी नहीं हुआ.”

त्याने टेबलावरचं आधार कार्ड माझ्याकडे सरकवलं. “बालिग है, मैडम. इसी हफ़्ते हुआ है.”

जन्मतारीख समोर होती, अठरा पूर्ण. त्या सकाळी पोरगं तेच तर सांगत होतं मला.

“साहब, किड है वो,” मी रडत म्हटलं.

रुचिर ताडकन उठला. सगळ्या थाण्यासमोर छाती काढून म्हणाला, “किड नाही मी, आत्या. ॲडल्ट!” लाडवासाठी म्हणायचा, अगदी तसाच.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. इन्स्पेक्टरने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि शिपायाला म्हणाला, “बैंडवाला नहीं रहा.”

मी बाहेर ओट्यावर येऊन भैयांना फोन लावला. ओरडून सगळं सांगितलं. दोन-तीन दिवसांनी चुकलं, तिथी वेगळी, तारीख वेगळी, तुम्ही या, खरं सांगा.

“लेकिन बुआजी,” भैया हळूच म्हणाले, “आपने ही तो कहा था.”

आणि फोन कट.

आत गेले तर रुचिर दाराकडेच बघत बसला होता. “आत्या, काय म्हणाले भैया? निघाले ना?”