चौथऱ्यासकट

यावलात प्रेमराजला लोक वेडा म्हणायचे, आणि मागून नाही, तोंडावर म्हणायचे. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, बायको नाही, पोरं नाहीत. बसस्टँडजवळच्या टपरीत रेडियम कापून गाड्यांच्या नंबरप्लेटी करायच्या आणि घरी आलं की गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून रणगाडे चिकटवायचे. वीतभर लांबीचे रणगाडे, तळहाताएवढ्या जीपा, विमानं. एकूण त्रेचाळीस नग. "पेमा खेळणी करतो," असं लोक म्हणत, आणि त्या एका शब्दावरून त्यानं दोन दोस्त तोडले होते, एका मामाच्या घरी जाणं बंद केलं होतं.

खेळण्याला माप नसतं. प्रेमराजच्या खोलीतली प्रत्येक वस्तू पस्तिसास एक या मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी होती. खऱ्या रणगाड्यावर जो बोल्ट आहे तो याच्या रणगाड्यावर आहे, जिथं आहे तिथंच आहे, आणि खऱ्यावर नाही तो इथंही नाही. एवढं एक तत्त्व त्यानं आयुष्यात पाळलं होतं. बाकी आयुष्यानं त्याला पाळायला काही दिलंच नव्हतं.

त्याला लाल आणि हिरवा रंग ओळखता येत नसे. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून, थेंब मोजून तो रंग बनवायचा. हे डोळ्यांचं दुखणं त्याला धुळ्याला फौजेच्या भरतीत कळलं, एकोणिसाव्या वर्षी. तो आणि त्याचा थोरला भाऊ योगराज एकाच दिवशी धावले. प्रेमराज चाळीस पावलं पुढं होता. मग डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक उघडलं, त्यात कोणता आकडा दिसतो विचारलं. प्रेमराजला आकडा दिसला नाही, ठिपके दिसले. योगराजला आकडा दिसला. योगराज फौजेत गेला आणि प्रेमराज रेडियम कापायला लागला. घरात सांगितलं गेलं की योगराज रणगाड्यावर आहे. सतरा वर्षं तेच सांगितलं गेलं.

आता योगराज निवृत्त होऊन घरी बसला होता आणि खालच्या दोन खोल्यांचा हॉल करून भरतीची अकॅडमी काढत होता. खानदेशात आता किराणा दुकानापेक्षा भरतीच्या अकॅडम्या जास्त झाल्यात. दारावर फ्लेक्स लागला: रणगाडाचालक (निवृत्त) योगराज सर यांचे मार्गदर्शन. फ्लेक्सवर योगराज छातीपेक्षा पोटानंच पुढं आलेला.

एका रविवारी सकाळी तो गच्चीवर चढून आला. हातात फ्रेम केलेला फोटो.

"हा पाह्य. मी आन् माहा रणगाडा. जुना फोटो व्हता, जळगावहून मोठा करून आनला."

फोटोत रणगाड्याशेजारी योगराज कमरेवर हात ठेवून उभा. चारी बाजूंनी पांढरी पुठ्ठ्याची पट्टी.

"याचं मॉडेल कर. सव्वीस जानेवारीले उद्घाटन हाये, हॉलमधी काचेत ठेवू. जसा फोटोत तसा पाह्यजे. बाहेरगावची पोरं येतील त्यांले ऱ्हायला ही खोली लागनार व्हती मले. तू मॉडेल करून दे, खोली तुह्याच जवळ ऱ्हायीन. नही केलं तर सत्तावीसले ही खेळणी पोत्यात भर."

"खेळणी म्हनू नको, भाऊ."

"बरं, बाहुल्या."

घर दोघांच्या नावावर होतं, पण मोठा भाऊ आणि वर फौजी, त्यामुळं गल्लीत, भाऊबंदात, कुठंही शब्द त्याचाच चालणार. प्रेमराजनं फोटो ठेवून घेतला. चिडायला कारण होतं, पण काम मिळाल्याचा आनंदही होता, हे लपवायचं कशाला? फोटोतला रणगाडा टी-५५. एका बाजूला पाच चाकं, पहिल्या-दुसऱ्यात जास्त अंतर. त्याच्या सुट्या भागांचा खोका प्रेमराजकडं दोन वर्षांपासून पडून होता.

आठवडाभरात सांगाडा झाला. मग चाकांवरच्या लोखंडी पट्ट्याचा खालचा भाग पाहायची वेळ आली. पट्टा जमिनीवर किती ढिला बसतो, मातीत किती रुततो, हे दिसल्याशिवाय मॉडेल खोटं वाटतं. नेमका तोच भाग पुठ्ठ्यानं झाकलेला. प्रेमराजनं पक्कड घेऊन फ्रेमचे बारीक खिळे काढले, काच बाजूला केली, पुठ्ठा उचलला.

खाली माती नव्हती. सिमेंटचा चौथरा होता. चुना मारलेल्या विटांची किनार, लोखंडी खांबांना लावलेली साखळी, झेंडूच्या दोन कुंड्या. एका कुंडीला टेकून झाडू.

प्रेमराजनं भिंग काढलं. आता सगळं दिसायला लागलं. रणगाड्यावर जाडजूड ऑईलपेंटचे थर. चाकांच्या रबरालासुद्धा तोच रंग. तोफेच्या तोंडात बसवलेली झाकणाची चकती. आणि चालकाच्या झडपेपुढं, आतून बाहेर बघायच्या ज्या काचा असतात, त्यांच्यावरही रंग मारलेला. हा रणगाडा कुठल्यातरी छावणीच्या फाटकाशी शोभेला ठेवलेला होता. वर्षानुवर्षं हलला नव्हता. त्याच्याशेजारी उभं राहून कुणीही फोटो काढावा. सुट्टीच्या दिवशी शाळेची पोरं काढतात.

प्रेमराज पुठ्ठा हातात घेऊनच खाली उतरला. योगराज जेवत होता, दिपमालावहिनी भाकरी वाढत होती.

"भाऊ, तू फौजेत काय व्हता?"

योगराजनं पुठ्ठा पाहिला आणि घास गिळला. "दार लोट," तो बायकोला म्हणाला.

"काय व्हता?"

"लंगर सांभाळला. सतरा वर्षं. दोनशे मानसं दोन टाईम जेवू घातली. बर्फात, उणे वीसमधी, स्टोव्ह पेटत नही तठी पोळ्या केल्या. झालं समाधान?"

"मग तेच लिव्ह ना फ्लेक्सवर. त्यात लाजायचं काय?"

"अक्कल हाये का तुले? स्वयंपाक्याच्या अकॅडमीत कोन पोरगं धाडीन?" त्यानं ताट सरकवलं. "आईबाबा सांगून गेले बठ्ठ्या गावाले. मी काय तोंड घेऊन सांगू आता? तू मुकाट्यानं कर. चौथरा नको. खाली चिखल कर, लढाईतून आल्यासारखा. तुले चिखल चांगला जमतो."

"भाऊजी, होऊ द्या ना," दिपमाला म्हणाली. "कुनाचं काय बिघडतं?"

बिघडतं कुणाचं, हा प्रश्न सोपा नव्हता. प्रेमराज वर गेला आणि त्यानं चिखल करायला घेतला. हो, घेतला. खोली जात होती. बावीस वर्षं जमवलेलं पोत्यात जात होतं. त्यानं तापीकाठची माती वस्त्रगाळ केली, त्यात गोंद घातला, चाकांवर ब्रशनं उडवली. सुंदर चिखल. असा चिखल करणारा माणूस धुळ्यापासून भुसावळपर्यंत दुसरा नसेल. आणि रणगाडा पहिल्यांदाच खोटा दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून फत्तेसिंग आला, सोबत अठरा वर्षांची लेक सुनिता. फत्तेसिंग सेंट्रिंगच्या कामावर जाणारा, हाताची कातडी सिमेंटनं फाटलेली. पोरीला फौजेत जायचं होतं. रोज पहाटे पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत धावायची. योगराज खुर्चीत बसून तिला सांगत होता, आणि प्रेमराज जिन्यावर उभा राहून ऐकत होता.

"समोर दुश्मन. मी आत. एवढीशी काच, तिच्यातून बाहेर पाह्यतो. धूळच धूळ. पन ड्रायव्हरनं घाबरायचं नसतं, बेटा. गाडी पुढंच."

पोरगी डोळे विस्फारून ऐकत होती. एवढीशी काच. योगराज बोटांनी माप दाखवत होता. ते मापसुद्धा चुकीचं होतं.

प्रेमराज वर गेला आणि ओल्या फडक्यानं सगळा चिखल पुसून टाकला.

इथं त्याला सत्यवादी ठरवायचं कारण नाही. सत्याबित्याची त्याला एवढी पडली नव्हती. चाळीस पावलं पुढं धावूनही मागं राहिलेल्या माणसाच्या पोटात जे काही साचतं, ते बाहेर यायला वाट शोधत होतं. भावानं एकदा सगळ्यांसमोर खाली मान घालावी, एवढंच त्याला पाहिजे होतं. आणि तरीही चौथऱ्याचा प्रत्येक कोपरा त्यानं मापातच केला. तांब्याच्या तारेची साखळी विणली, कडी न् कडी. झेंडूची फुलं पिठाच्या कणाएवढी. काचांवर रंग चढवला, रबरावर चढवला. झाडूही केला.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन उरकून माणसं हॉलमध्ये आली. पंचायत समितीचे एक माजी सदस्य पाहुणे. भिंतीवर तो फोटो, पुठ्ठा पुन्हा बसवलेला, आणि प्रेमराजनं स्वतः खाली आणून काचेत ठेवलेल्या मॉडेलवर लाल म्हणून आणलेलं कापड टाकलेलं. योगराज आदल्या दिवशी बघायला आला होता तेव्हा प्रेमराजनं दार उघडलं नव्हतं. रंग ओला आहे म्हणाला.

पाहुण्यांनी कापड ओढलं.

टाळ्या वाजल्या. भरपूर वाजल्या.

"वा! बगीचाबिगीचा केला राव!" पाहुणे म्हणाले. "कलाकार हाये तुमचा भाऊ!"

लोक मोबाईल काढून पुढं सरकले. कुणी म्हणालं झेंडू खरा वाटतो. कुणी विचारलं साखळी कुठं मिळाली. योगराजचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला आणि त्यावर हसू तसंच चिकटून राहिलं. आणि प्रेमराज भिंतीशी उभा, वाट पाहत, की कुणीतरी बघेल. कुणी बघत नव्हतं. डोळे चांगले असलेली पन्नास माणसं, एकालाही दिसत नव्हतं. त्याला वाटलं ओरडावं.

मग फत्तेसिंग वाकला. त्यानं काचेवरूनच चौथऱ्याच्या कडेच्या रेषेनं बोट फिरवलं.

"हा आम्ही ओततो तसाच हाय," तो लेकीला म्हणाला. "हे बघ, पानी जायला भोक बी ठेवलं. असा चौथरा मी दोन ठिकानी केला. एक पुतळ्याचा, एक जुन्या पंपाचा. हलवायचं नसतं तेच याच्यावर ठेवतात."

सुनिता काचेला नाक लावून बघत होती. ती सरळ उभी राहिली.

"सर, तुम्ही म्हणाले काचेतून बघायचे. याच्या तर काचा रंगवल्यात."

हॉलमधला गलका कमी झाला. योगराज हसला. "अगं बेटा, याले रंग दिसत नही. रंगांधळा हाये तो. लाल म्हनून हिरवा लावतो, काहीबी रंगवतो."

"रंग चुकला आसंन साहेब," फत्तेसिंग शांतपणे म्हणाला. "पन दोन पोतं सिमेंटचा चौथरा बी त्यानं चुकून घातला का?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं.

"फोटो भिंतीवरच हाये," प्रेमराज बोलला. "पुठ्ठा काढा आन् पाहा. नाहीतर भाऊ, तूच सांग. सांग ना. सतरा वर्षं काय केलं ते सांग, त्यात लाजायचं काहीच नही."

योगराजची मान खाली गेली नाही, ती ताठच राहिली. प्रेमराजनं ज्याच्यासाठी तारेची कडी न् कडी विणली, ते झालंच नाही. फक्त फत्तेसिंगनं पायात चपला घातल्या.

"चाल व पोरी. खोटं बोलून धावायला शिकवत नसतात."

ते दोघं गेले. बाकीचे राहिले. पेढे वाटले गेले. बावीस पोरांची नावं त्या दिवशी लिहिली गेली, कारण पोरांना नोकरी पाहिजे होती आणि मास्तर काय होता याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. पाहुण्यांनी भाषणात 'रणगाडाचालक योगराज सर' असा चार वेळा उल्लेख केला.

हॉल रिकामा झाला तसा योगराज जिना चढला. प्रेमराज मागोमाग. दिपमाला खालून, "अहो! अहो, नका!" करत राहिली. योगराजनं पहिल्या फळीवर हात आडवा फिरवला. विमानं पडली. दुसरी फळी. तिसरीवरच्या जीपा त्यानं लाथेनं उडवल्या. प्लास्टिक फुटतं तेव्हा मोठा आवाज होत नाही, टिचक्या वाजल्यासारखं होतं. प्रेमराज दारात उभा होता. त्यानं अडवलं नाही. अडवायला गेला असता तर त्यानं भावाचा जीव घेतला असता, हे त्याला ठाऊक होतं.

शेवटची फळी राहिली तेव्हा योगराजला धाप लागली. तो जमिनीवरच बसला.

"समाधान झालं तुहं?" तो म्हणाला. "भर चौकात नागडा केला भावाले."

"तू बठ्ठे कपडे घालूनच वर आला. कोनाले काय फरक पडला?"

"मले पडला."

योगराजनं पायाजवळचे तुकडे हातानं बाजूला सारले. मग योगराज खाली बघत म्हणाला, "लंगराचा एक ट्रक व्हता आमचा. मागं चार स्टोव्ह, ताडपत्री धुरानं काळी झालेली. मी सांगितलं असतं तर तो केला असता तू?"

"केला असता. स्टोव्ह, पातेली, परात, लाटणं बठ्ठं केलं असतं. काळी ताडपत्री तर अशी केली असती की तुले वास आला असता. माह्या हातचं सगळ्यात चांगलं काम झालं असतं ते."

योगराजनं वर पाहिलं. "मग कर. तोच ठेवू हॉलमधी. मी फ्लेक्स बदलतो. आईची शप्पथ, बदलतो."

प्रेमराजनं त्याच्याकडं पाहिलं. भाऊ खरं बोलत होता, हे त्याला दिसलं. तेवढं त्याला दिसत होतं.

"नही करनार," तो म्हणाला.

"काहून?"

"पंधरा दिसांआधी केला असता."

त्यानं ब्रश, भिंग आणि चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या एका क्रेटमध्ये भरल्या. उरलेल्या फळीवरच्या मॉडेलांकडं बघितलंसुद्धा नाही. मग त्यानं चप्पल शोधून पायात घातली, कारण फरशीभर तुकडे होते, आणि क्रेट कमरेवर घेऊन जिना उतरला.