डावे पेडल

"ताई, डावं पेडल अडकतंय. आत्ताच्या आत्ता येशील? पाहुणे आलेत." फोनवर धाकट्याचा आवाज रडवेला झाला होता.

तिने गिऱ्हाइकाचे शिलाई मशीन तसेच उघडे टाकले, पाने-पक्कड पिशवीत कोंबली आणि शटर ओढले. वीस वर्षे ती शिलाई मशीन दुरुस्त करत होती. आईवडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. याच दुकानावर तिने त्याला शिकवले. आता तो वैमानिक घडवणाऱ्या संस्थेत शिक्षक होता.

त्याच्या अभ्यासाची उजळणी घेता घेता विमानाचे वेड लागले ते मात्र तिला. जन्मात कधी विमानात बसली नव्हती, पण दुकानामागच्या खोलीत, दुपारच्या सुट्टीत, ती कॉम्प्युटरवर विमान उडवायची. विमानाचे नाक वळवायची पेडल्स बाजारात मिळत, ती खेळण्यासारखी प्लॅस्टिकची. म्हणून तिने स्वतःच करायला घेतली. मोडक्या मशीनमधली बेअरिंग्ज, लोखंडी पट्ट्या, पाय किती दाबला ते कॉम्प्युटरला कळवणारा बोटभर सेन्सर. अकरा महिने गेले. तीन सांगाडे भंगारात गेले, चौथा जमला. धाकट्याने पाय ठेवून पाहिले आणि तो ओरडलाच, "ताई, अगं, हे तर खऱ्यासारखं आहे! दोन दिवस नेतो. मुलांना दाखवतो."

दोन दिवसांचे चार महिने झाले. मुलांना उपयोग होतोय ना, मग होऊ दे, म्हणून ती गप्प होती.

संस्थेच्या हॉलमध्ये दहा-बारा माणसे उभी होती. तिची पेडल्स एका चौथऱ्यावर बसवली होती. शेजारी फलक होता. 'रचना आणि निर्मिती' असे लिहून खाली धाकट्याचे नाव आणि हसरा फोटो. तिने फलक पुन्हा वाचला. आपलीच वाचण्यात चूक झाली असेल, असे तिला वाटले.

"आलात? बरं झालं," धाकटा पुढे होऊन म्हणाला. मग पाहुण्यांकडे वळला. "या मशीन दुरुस्तीवाल्या बाई. बाई, लवकर होईल ना?"

बाई. तिच्या हातातली पिशवी एकदम जड झाली.

ती गुडघ्यांवर बसली. चौथरा एका अंगाला कलला होता. तसेच बोल्ट आवळल्यामुळे सांगाडा पिळला गेला होता, म्हणून बेअरिंग अडकत होते. तिने बोल्ट सैल केले आणि खाली वॉशर सरकवायला सुरुवात केली.

वरून संस्थेच्या प्रमुखांचा आवाज आला. "पेडल बरोबर मध्यावर आलं की पायाला कळतं. हे कसं साधलंत?"

"ते... स्प्रिंगचं काम आहे, सर. म्हणजे तसं टेक्निकल आहे," धाकटा चाचरला.

आपण नुसते गप्प राहिलो तरी त्याचे बिंग फुटेल, हे तिला ठाऊक होते. पण त्या अर्धवट उत्तराने तिच्या कामाचीच नाचक्की होत होती.

"दोन स्प्रिंगा उलट बाजूंना ओढतात," बोल्ट आवळत ती म्हणाली. "मध्ये एक रोलर खाचेत बसतो. खाच खोल झाली तर पायाला झटका बसतो, म्हणून कानशीने घासून उथळ केलीय. डावीकडे केसभर जास्त घासली गेली. ते अजून सलतं."

प्रमुख वाकून तिच्याकडे पाहू लागले. "तुम्हाला इतकं कसं माहीत?"

तिने मान वर केली. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तापात असा दिसायचा तो, लहानपणी.

"या साहेबांनीच सांगितलं," ती म्हणाली.

संध्याकाळी तो दुकानात आला. उभ्या उभ्याच बोलत सुटला. "नोकरी कायम व्हायची होती, ताई. सरांचा आधीच गैरसमज झाला, मग मागे फिरता आलं नाही. आणि तू तरी कुठे जगाला दाखवणार होतीस? तुला काय फरक पडतो, सांग ना?"

बोलता बोलता तो सवयीने मागच्या खोलीकडे निघाला. तिने मध्येच हात आडवा धरला, गिऱ्हाइकांसाठीची खुर्ची पुढे ओढली आणि फडक्याने पुसली.

"बसा," ती म्हणाली.