मिठाची पुडी आणि माझा काटा

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. नाशिकच्या पेठ रोडलगतच्या एका वस्तीत, तरुण मंडळाच्या खोलीत, छताच्या कडीला मी लटकतो. माझ्याखाली कापडी झोळी असते. तीत बसवून बाळांचे वजन करतात.

माझ्या पोटात स्प्रिंग आहे. वापराने ती सैल पडते. म्हणून परिचारिका संध्याताई आधी माझ्या आकड्याला किलोभर मिठाची पुडी टांगत. काटा बरोबर एकवर थांबला, तरच बाळ झोळीत बसे. खोली मंडळाची, मी एका महाविद्यालयाने दिलेला, ताई दवाखान्याच्या, आणि घरोघरी जाऊन बाळे आणणाऱ्या बचत गटाच्या बायका. साऱ्यांनी मिळून कितीतरी बाळे वाढीच्या तक्त्यावरच्या धोक्याच्या लाल पट्ट्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून हिरव्यात आणली. तेव्हा माझ्या गळ्यात हारही पडला होता.

मग ताईंची बदली झाली. दवाखान्याला वाटले, मला महाविद्यालय तपासते. महाविद्यालयाला वाटले, मंडळ तपासते. पुडी कुणीच टांगली नाही.

सुरगाण्याहून मजुरीसाठी आलेली सविता अकरा महिन्यांच्या हर्षालीला घेऊन आली. सोबत सासू अक्काबाई होती.

"सहा किलो तीनशे. पिवळ्यात आहे, घाबरू नका," बचत गटाच्या लंकाबाई म्हणाल्या.

"माझ्या हाताला पोर लय हलकी लागती," अक्काबाई म्हणाली. "पाखरावानी."

"आजी, तुमचा हात खरा का मशीन खरं?"

सविता हसली. मला ओरडून सांगायचे होते. पण काट्याला फक्त आकडा असतो, आवाज नसतो.

पाचव्या दिवशी हर्षालीने दूध सोडले. अक्काबाई तिला कडेवर घेऊन आली. दुसऱ्या हातात घरची मिठाची न फोडलेली पुडी होती.

"बाया सांगत्यात, ती ताई टांगायची, तशी टांग."

लंकाबाईंनी टांगली. काटा दीडवर थांबला.

"अर्धा किलो जास्त दाखवतोय. म्हणजे पोर पाच आठशे," त्या पुटपुटल्या. "अगं बाई, लाल!"

"या डबड्याचं ऐकत बसलो गं आपण!" म्हणत अक्काबाई नातीला घेऊन अनवाणीच रिक्षाकडे धावली.

आज नऊ दिवस झाले. हर्षाली रुग्णालयात आहे. अजून डोळे उघडत नाही, एवढेच कानावर येते.

मित्रांनो, मला दुरुस्त करा, नाहीतर भंगारात टाका. पण माझ्या जागी जो येईल, त्याला रोज पारखा. कोण पारखणार, त्याचे नाव भिंतीवर लिहा. 'सगळे मिळून' असे लिहू नका.

ती पुडी अजून कुणी काढलेली नाही. माझा काटा दीडवरच आहे.