सिरांडिंग आजीचं मत

टिंग.

नाही, टिंग नंतर. आधी पडद्याआड म्हातारी, आणि बाहेर आम्ही कान देऊन.

बासष्ट साली गाम्बियात इंग्रज अजून होते, पण सरकार आमचं व्हायचं होतं, पहिलं. मत काचेच्या गोटीनं द्यायचं. पडद्यामागे तीन पिंपं, प्रत्येकावर उमेदवाराचा फोटो: सांकुंग, जेरे, दोदू; बाहेर प्रत्येकाचा एकेक माणूस लक्ष ठेवायला. नळीतून गोटी सोडली की आत घंटा वाजे. एक गोटी, एक टिंग. सायकलच्या घंटीशी घोटाळा नको म्हणून सायकली पार नदीपाशी लावायला सांगितल्या होत्या. केंद्रप्रमुख मी: तेवीस वर्षांचा शाळामास्तर, नियमांचं पुस्तक मांडीवर. त्यात लिहिलेलं, मत कुणाला ते केंद्रात बोललात तर मत बाद.

आणि आतून आवाज आला.

"सांकुंग! घरची कुठं आहेत?" लगेच तिचंच उत्तर, "तिथंच आहेत." "बायको?" "तिथंच." "गुरं?" "तिथंच."

फोटोची ख्यालीखुशाली! आमच्याकडे माणसासमोर उभं राहायचं आणि चौकशी करायची नाही, म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं.

दोदूचा माणूस आलिउ ताडकन उठला. "मास्तर, नाव घेतलं! बाद करा."

"आजी, बोलू नका! मत जाईल तुमचं!" मी ओरडलो.

"गप रे. मला कुणी हाकायचं ते सत्तर वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलंय. नीट करू दे."

मी पेन उघडलं. नियम स्पष्ट होता.

"जेरे, भातचोरा! मेला नाहीस अजून?"

रांगेत हशा. जेरेचा माणूस लामीन चिडला नाही, उलट फुलला. आजीच्या आणि जेरेच्या घराण्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. तिनं शिवी दिली नसती तर तो रुसला असता.

"बघा, जीव कुणावर आहे," लामीन म्हणाला.

"चोर म्हणाली ती!" सांकुंगचा बुरामा म्हणाला. "कुणाच्या गुरांची चौकशी केली? आमच्या."

"दोदू, आईचा गुडघा कसा आहे?"

आलिउ खाली बसला. "दुखतो खरा," तो पुटपुटला.

मग सगळ्यांनी कान टवकारले. एक बाई खोकली, तिच्यावर सगळ्यांनी डोळे वटारले.

टिंग.

आजी बाहेर आली. हात रिकामे, चेहरा उतरलेला. "खोडलंस का रे मला?"

मी तिघांकडे वळलो. "मत कुणाला गेलं? एकेकानं सांगा."

"सांकुंगला."

"जेरेला, अर्थात."

"गुडघा ऐकला नाही का तुम्ही? दोदूला."

"म्हणजे कुणालाच कळलं नाही," मी म्हणालो. "मत धरलं."

बुरामा आधी हसला, मग बाकीचे. कुणी हरकत नोंदवली नाही. नावं घेतली होती, हे खरंच. ते मी अहवालात लिहिलं, त्याखाली सही केली, आणि वरून विचारलं असतं तर नोकरीवर पाणी सोडलं असतं.

आजीनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "आभार, मास्तर."

आमच्याकडे आभाराला आभारानंच उत्तर देतात. मीही दिलं. रांग मोठी होती तरी तिचा हात सोडवेना.